भाऊंच्या हातातला पाऊस

धुळ्याच्या त्या दवाखान्यात पाऊस आला म्हणून मी उठून बाहेर धावलो, तर बाहेर लख्ख ऊन पडलेलं.

पौष महिना होता. आत माझ्या थोरल्या भावाच्या हाताची तपासणी चालली होती आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर, घरातला शिकलेला माणूस म्हणून, जमेल तेवढा गंभीर चेहरा करून बसलो होतो. एकाएकी पत्र्यावर थेंब वाजायला लागले. आधी सुटे सुटे, मग सलग. माझ्या नव्या कातडी चपला बाहेर पायरीवर होत्या. "आलोच," म्हणालो आणि पळालो. बाहेर चपला कोरड्या ठणठणीत. एक कुत्रं त्यातल्या डाव्या चपलेवर हनुवटी टेकून झोपलेलं. मी वर बघितलं. दवाखान्याला पत्रा नव्हताच, स्लॅब होता. आणि आत थेंब वाजतच होते.

चपला हातात घेऊन मी परत आत आलो. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"काय झालं, सर?"

"पाऊस आला वाटलं."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बोटाने यंत्राच्या बाजूचा छोटा लाऊडस्पीकर दाखवला. मग भाऊंचा हात दाखवला. उशीवर उताणा ठेवलेला उजवा हात, कोपराच्या खाली एक बारीक सुई टोचलेली, सुईची वायर यंत्रात गेलेली. हात अगदी निपचित होता. कातडीवर एक लहर नव्हती. आणि त्यातून पाऊस पडत होता.

"चेता, म्हणजे मज्जातंतू, तुटली की तिच्या हुकमातले स्नायूचे धागे बिथरतात," डॉक्टर म्हणाले. "सांगणारं कुणी उरलं नाही, मग एकेक धागा आपला आपणच आकसत बसतो. डोळ्यांना दिसत नाही. यंत्राला ऐकू येतं."

भाऊंनी मान वळवली आणि आपल्या हाताकडे बघितलं. शेजारी बसलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं.

झालं होतं असं. आमचं गाव फैजपूरजवळ, शेती केळीची. दिवाळीनंतर घड कापणं चाललं असताना भाऊ घड खांद्यावर घ्यायला वाकले आणि कापणाऱ्याचा कोयता सटकून त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला बसला. रक्त थांबलं, जखम भरली. जळगावच्या सर्जननी तुटलेल्या दोन्ही चेता शिवल्या आणि सांगितलं, "आता चेता पुन्हा वाढत खाली येईल. तीन-चार दिवसांत ज्वारीच्या दाण्याएवढी. आली तर मूठ वळेल. तोवर बोटं आखडू देऊ नका."

मूठ वळणं म्हणजे काय, हे आमच्या घराबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याचे, गहू शेरा-मापाने घेत नाहीत, मुठीने घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. सगळे भाऊबंद जमतात, आणि मूठ मात्र एकाचीच, कर्त्याची. वडील गेल्यावर ती भाऊंची झाली. त्यांचा हात म्हणजे पंजा होता. मूठ बदलली म्हणजे कर्ता बदलला, असं तोंडाने कुणी म्हणत नाही. पण पुढच्या खेपेला पोरीचं स्थळ बघायचं असलं की माणसं दुसऱ्या ओट्यावर जाऊन बसतात. भाऊंना ते ठाऊक होतं. त्यांच्यानंतर दुसरा नंबर माझा. मी जळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. माझ्या मुठीत खडू बरोबर मावतो.

परतीच्या यष्टीत पारोळ्यापर्यंत भाऊ खिडकीबाहेर बघत होते. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "मास्तर, माझ्या हातात कोन बोलू राह्यलं?"

"कुणी नाही, स्नायू आकसतोय," एवढं म्हणून मी गप्प बसलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण मी पडलो शिकवणारा माणूस. एवढ्यात मला समाधान नाही. बेडकाच्या चेतेवरचं एक प्रकरण मी दर वर्षी वर्गात रंगवून सांगतो. तेच मी शेजारच्या सीटवर सुरू केलं.

"भाऊ, चेता आणि स्नायू जिथे भेटतात ना, तिथे ते एकमेकांना चिकटलेले नसतात. मधे केसाहून कितीतरी बारीक फट असते. चेतेचं टोक तिथे बसून रसायनाचे थेंब सोडतं, ते स्नायूला कळतात. आणि त्या टोकावर एक तिसरी पेशी बसलेली असते, पांघरुणासारखी. तिला ग्लिया म्हणतात."

"ती काय करते?"

"राखण करते. पण चेता तुटली, ते टोक मेलं, की ही पेशी मेलेलं टोक गिळून टाकते. आणि त्याच जागेवर जाऊन बसते. काही दिवस सगळं सामसूम. आणि मग कधीतरी तीच पेशी, चेता सोडायची तसेच, थेंब सोडायला लागते."

"कोनी सांगितल्यावर?"

"कुणीच नाही. आपली आपणच."

भाऊंनी विचार केला. "म्हंजे मेलेल्याले खाऊन, त्याच्याच जागेवर बसून, त्याच्यावानी बोलते."

"अगदी बरोबर!" मी म्हणालो. शेवटच्या बाकावरच्या पोराने उत्तर दिल्यावर होतो तसा मला आनंद झाला होता. भाऊंनी डाव्या हाताने शाल ओढली आणि उजवा हात झाकून टाकला.

घरी आल्यावर बायकोला म्हणालो, "भाऊंना सगळं नीट समजावून दिलं."

"तुम्ही?" ती म्हणाली. "मग आता ते कुणीतरी निस्तरायला लागेल."

महिना-दीड महिन्याने वहिनी एकट्या जळगावला आल्या. वहिनी कधी एकट्या येत नाहीत. पिशवीतून केळ्यांची फणी काढून ठेवली, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "तुम्ही काय सांगितलं ह्याहीले?"

भाऊंनी बोटं सरळ ठेवणारी पट्टी काढून टाकली होती. कोमट पाण्यात हात ठेवून डाव्या हाताने एकेक बोट वळवायचं, तेही बंद. हात मऊ फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवायचा. नातवाचा धक्का लागला तर ओरडायचे, "हळू! त्याले लागीन." मला लागेल, असं नाही. त्याला.

"आन परवा सकाळी शेकोटीशी बसले व्हते," वहिनी म्हणाल्या. "मले म्हने, काय जळू राह्यलं गं, वास येतो. मी पाह्यलं तं ह्याहीचंच बोट."

मी दुसऱ्याच दिवशी गावी गेलो. भाऊ घरी नव्हते, केळीत होते. भर दुपारी केळीच्या बागेत शिरलं की बाहेरचं ऊन पानांवरच राहतं. आत हिरवा, ओलसर, पाण्याखालचा असावा तसा उजेड. आवाज नाही. वारा नसला की एवढ्या मोठाल्या पानांतलं एकही हलत नाही. मी दोन-तीन सऱ्या ओलांडून गेलो तेव्हा भाऊ दिसले. बांधावर बसले होते. उजवा हात डाव्या हाताने उचलून कानाशी धरलेला. डोळे मिटलेले.

मी हाक मारली नाही. का मारली नाही, सांगता येत नाही.

डोळे न उघडता ते म्हणाले, "ये. ऐक."

"भाऊ, यंत्राशिवाय ते ऐकू येत नसतं."

"ऐक तं खरं."

मी वाकलो आणि कोपराखाली कान लावला. हात थंड होता. कातडी गुळगुळीत, चकाकणारी, घामाचा थेंब नाही. आणि आत, फार लांबून, घरघर यावी तसा आवाज होता. सलग. थांबत नव्हता. माझ्या मानेवर काटा आला. आपण दात आवळले की आपल्याच जबड्याचे स्नायू कानात असे घरघरतात, हे मी एरवी कुठल्याही पोराला सांगितलं असतं. तिथे मला ते सुचलंच नाही. मी झटकन कान काढला, मागे सरकलो आणि पाटाच्या चिखलात बसकण मारली.

"ऐकू आलं नं?" भाऊ म्हणाले. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. एवढे दिवस एकटेच ऐकत होते.

मग ते सावकाश, समजुतीच्या सुरात बोलले. "जागा भरली, मास्तर. आता ती चेता का काय, ती आली तरी बसंन कुठी? मीच म्हटलं, कशाले बोटं वळवायची. ज्याची जागा त्याले राहू द्यावं. त्याले चिडवून फायदा नही." शेवटी म्हणाले, "मूठ औंदा तूच भर."

हे ते अगदी सहज म्हणाले. चिखलात बसल्या बसल्या मी त्यांची बोटं बघितली. पेरं सुजून घट्ट झाली होती. मी मधलं बोट वळवायला गेलो, ते निम्म्यातच अडलं. सर्जननी हेच बजावलं होतं: सांधे आखडले तर उद्या चेता येऊनही उपयोग नाही. दिवस चालले होते आणि ते माझ्या तोंडामुळे चालले होते.

जळगावला परत आल्यावर मी कॉलेजच्या ग्रंथालयातून ते पुस्तक काढलं. दर वर्षी मी त्यातलं ते प्रकरण जिथपर्यंत शिकवतो, तिथे माझीच पेन्सिलची खूण होती. अभ्यासक्रम तिथे संपत होता. पुढे दोन पानं होती. अकरा वर्षं शिकवत होतो, ती दोन पानं मी कधी उलटली नव्हती. त्यात लिहिलं होतं की चेता पुन्हा वाढत त्याच जागी येते, आणि आली की ती पेशी थेंब सोडणं बंद करते, जागा देते, आणि परत आपली पांघरूण होऊन वर बसते. वाचून मला हायसं वाटलं आणि लाजही वाटली. त्यातली लाज मी बायकोला सांगितली नाही. तिला ती दिसली.

"पण एक आहे," मी तिला म्हणालो. "हे सगळं बेडकातलं आहे. माणसात अगदी असंच होतं की नाही, ते पुस्तकात नाही."

"ते आता सांगायला जाऊ नका," ती म्हणाली.

रविवारी ओट्यावर भाऊ बसले होते, वहिनी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी पुस्तकच घेऊन गेलो होतो.

"भाऊ, चूक झाली. मी अर्धंच वाचलं होतं."

"मास्तर असून?"

"अभ्यासक्रमात तेवढंच होतं."

"असं शिकवता व्हय पोरायले?" वहिनी म्हणाल्या.

मी पुढची दोन पानं सांगितली. भाऊंनी ऐकून घेतलं. "पुस्तकानं मागच्या टायमाले येगळं सांगितलं व्हतं."

"पुस्तकाने नाही, मी. हे बघा, यष्टीत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना? तसं समजा. ज्याची जागा तो आला की रुमाल उचलायचा."

"रुमाल मुका राह्यतो," भाऊ म्हणाले. "हा बोलतो. बोलनारा मानूस जागेवरून उठला, असं तू पाह्यलं कधी?"

आमच्या स्टाफरूममधे तरी मी पाहिलं नव्हतं.

वहिनींनी हातातली शेंग सुपात टाकली. "नसंन उठत तं नका उठवू. बसू द्या त्याले, तुमचं काय खातो? पन ज्याचं घर हाये तो इतक्या लांबून पायी येऊ राह्यला, दानादाना चालत. तो दारात आला आन दाराच्या बिजागऱ्याच गंजल्या, मंग? त्यानं कोनाले हाक मारायची?"

भाऊंनी फडकं सोडलं आणि हात पुढे केला. वहिनी उठून कोमट पाणी घेऊन आल्या. पहिलं बोट वळवताना भाऊ खाली वाकून हाताला काहीतरी पुटपुटले. मला वाटतं, माफी मागितली.

आषाढात आम्ही पुन्हा धुळ्याला गेलो. या वेळी मी चपला पायातच ठेवल्या. सुई टोचली. स्पीकरमधे पाऊस होता, पण विरळ, ओसरत आलेला. डॉक्टर म्हणाले, "मूठ वळा." हात जागचा हलला नाही. पण स्पीकरमधे खट्, खट्, खट् असं वाजलं, बंद खोलीत कुणीतरी जड पेटी सरकवावी तसं. डॉक्टर खूश झाले. "पोचली! ही चेता बोलते आहे."

भाऊंनी स्पीकरकडे बघितलं, मग हाताकडे. "मंग पहिला कुठी गेला?"

"पहिला कोण?" डॉक्टरांनी विचारलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघत होतो.

"जात नाही कुठे," मी शेवटी म्हणालो. "तिथेच असतो. नव्याच्या अंगावर पांघरूण घालून."

"व्हय," भाऊ म्हणाले, आणि का कुणास ठाऊक, त्यांच्या अंगावर शहारा आलेला मला दिसला.

श्रावणात कानबाई बसायच्या आदल्या दिवशी सगळे जमलो. भाऊंची मूठ अजून धड वळत नव्हती, म्हणून ठरल्याप्रमाणे मी अंघोळ करून पाटावर बसलो. पुढे गव्हाची पाटी, शेजारी सूप घेऊन वहिनी आणि माझी बायको. चुलते, चुलतभाऊ भिंतीला टेकून बघताहेत. भाऊ कोपऱ्यात, सगळ्यांच्या मागे. ते त्या खोलीत कोपऱ्यात बसलेले मी जन्मात पाहिले नव्हते. मी पहिली मूठ भरून उचलली आणि पोरं फिसकन हसली.

"एवढ्याशा मुठीचा रोट उंदरालेबी पुरायचा नही," एक चुलते म्हणाले, आणि त्यांनी आपला हात पुढे करून सहज बघितला. ते सहज नव्हतं. खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं.

"मास्तर, ऊठ," मागून आवाज आला.

मी उठलो. एवढ्या आनंदाने मी कुठलीच जागा सोडलेली नाही. भाऊ येऊन पाटावर बसले आणि त्यांनी उजवा हात गव्हावर ठेवला. हात तसाच पडून राहिला. ते वाट बघत होते. कपाळावर घाम आला. "वळ म्हनतो, वळत नही," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी नाद सोडला आणि हात काढून घ्यायचा म्हणून नुसता अंगठा वर करायला गेले. अंगठा उठला नाही. चारही बोटं मात्र मिटली. वाऱ्याने दार लागावं तशी, एकदम, गव्हासकट.

भाऊंचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी नही केलं," ते म्हणाले.

"कोनी केलं ते मंग पाहू," वहिनी म्हणाल्या. "गहू सांडू राह्यले. टाका आधी सुपात."

त्यांनी टाकले. पुढे कधीतरी डॉक्टरांनी मला समजावलं की चेता परत वाढताना वाट चुकते, एकीचे धागे दुसरीच्या वाटेने जातात आणि भलत्याच स्नायूला जाऊन मिळतात. मग माणूस एक करू जातो आणि हात दुसरंच करतो. असेल. त्या दिवशी ते कुणालाच माहीत नव्हतं. भाऊंनी पुन्हा हात गव्हात घातला, पुन्हा अंगठ्याचा विचार केला असणार, आणि बोटं पुन्हा मिटली. मग एकेक नाव घेत गेले आणि मूठ भरत गेले. डोळे मिटलेले, मान किंचित कलती, बागेत बसले होते तशी. हात त्यांचा होता. पण भरत कोण होतं ते विचारायचा धीर त्या खोलीत कुणाला झाला नाही, आणि मी तर त्यांच्या तोंडाकडेच बघत बसलो होतो. माझं नाव कधी आलं आणि गेलं, मला कळलंसुद्धा नाही.

तेव्हापासून मूठ भाऊंचीच आहे. अजूनही त्यांना ती सरळ वळवता येत नाही, दुसरंच काहीतरी करायला जावं लागतं.

कानबाई उठल्यावर आम्ही जळगावला निघालो. यष्टीत बायकोच्या मांडीवर आमच्या वाट्याच्या रोटाचं गाठोडं होतं. आमच्यात तो पौर्णिमेच्या आत संपवायचा असतो, घरच्यांनीच, बाहेर द्यायचा नसतो. मी तिला चेता, वाट चुकणं, ग्लिया असं काय काय सांगत होतो. तिने यावल येईपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "ते सगळं असू द्या. तुमच्या नावाला भाऊंनी सव्वा नाही, दोन मुठी भरल्या. त्यांनी भरल्या की त्यांच्या हातानं, ते तुम्ही दोघं बघा. मी मोजल्या. आता ते जास्तीचं तुम्हीच खायचं, पोरांच्या ताटात ढकलायचं नाही."